डावी पाकळी

आमचे मामा आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आन् ते त्यांना मीच बोलायला लावलं. मामा म्हंजी माझे सासरे, गेणबा. वरवंडच्या अलीकडं हायवे सोडून चार किलोमीटर आत आलं की आमची वस्ती लागती, चाळीसेक उंबऱ्यांची. समदी धनगराची घरं. आज्या-पणज्यांनी मेंढरं वळली, आता ऊस हाय, कांदा हाय, दारात जर्सी गाया हायेत. मधोमध बिरोबाचं देऊळ, आन् त्या देवळात चाळीस वर्षं पूजा केली ती मामांनी.

जत्रंत वरीसभराचं सांगायचे तेच. कुठल्या नक्षत्रात पाऊस, कुठल्या पिकावर रोग, माणसांत सलोखा का भांडण. पर त्याला 'सांगणं' म्हणलेलं त्यांना खपायचं न्हाई. "सांगती ती रेडिओवरची बाई," म्हणायचे, "देव भाकतो." मी एकदा इचारलं, मामा, फरक काय? तर म्हणले, "सांगणारा सांगून मोकळा. भाकलेल्याला मातुर बोलणारा बी बांधील आन् ऐकणारा बी."

आमच्या शेजारच्या ज्योतिबाची पोरगी ज्ञानेश्वरी, दौंडला कॉलेजात जाती, इंग्रजी घेऊन बीए करती. तिनं हे ऐकलं आन् दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आली. "आप्पा, तुमच्या भाकण्याला इंग्रजीत बी शब्द हाय. ऑगर. पूर्वी रोममधी माणसं पाखरं कुठनं कुठं उडाली ते बघून पुढचं भाकायची. चांगलं असो का वाईट, दोन्हीला तोच शब्द." मामांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणले, "पाखरू काय बांधील असतंय व्हय? ते दाण्याकडं उडणार." पोरगी हसून लोटपोट. तवापासनं ती मामांना ऑगर आप्पाच म्हणायची आन् मामांना ते आवडायचं, कबूल करत नसले तरी.

मी सुषमा, आशा वर्कर. वस्तीत माझ्या तोंडाला सगळे भ्यात्यात. लसीला पोर आणलं न्हाई तर मी दारात उभी राहून बोलती, आन् बोलती म्हंजी शेजारची चार घरं भाकरी थापायची थांबत्यात. अंगारा, धुपारा, उतारा असलं काय दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाती. मामांचं आन् माझं त्यावरनं रोज वाजायचं. पर माणूस सरळ. देवापुढचा नारळ घरी न्यायचा न्हाई, कुणाच्या घरचं बाहेर बोलायचं न्हाई.

आमच्यात मोठं काम काढलं की कौल लावत्यात. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या, एक देवाच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आन् बसायचं. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी. डावी पडली तर न्हाई. एकदा कौल लावला की पाकळी पडंस्तवर कुणी उठायचं न्हाई, आन् काय पडंल ते मोडायचं न्हाई. मी म्हणायची, मामा, ज्या पाकळीला पाणी कमी ती आधी पडणार, ह्यात देव कुठं आला? मामा म्हणायचे, "पाणी कमी कुणाच्या हातनं लागलं?"

तीन वर्षांपूर्वी माझी नणंद हर्षदा बाळंतपणाला आली. तिचं सासर न्हावऱ्याचं. नववा लागला आन् एका सकाळी तिचे पाय टम्म सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यापुढं अंधारी. मी बीपी घेतलं तर एकशेसत्तर. दौंडच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणल्या, तशीच घेऊन ये, सीझर करावं लागंल. गाडी दारात आली. तर माझी सासू भामाबाई, मी त्यांना आत्या म्हणते, त्या दारात आडव्या. "पोटाला पातं लावायचं आन् देवाला इचारायचं न्हाई? कौल घ्या. मग न्या."

मामांनी कौल लावला. बाकीचे बाहेर मंडपात. मी पाण्याचा तांब्या घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी. दोन मिनटं बी झाली नसतील, आन् डावी पाकळी पडली.

मामांनी पाकळी पाहिली. मग माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा मला आज बी बघवत न्हाई. मी हळूच म्हणले, "मामा, उजवी म्हणा."

"सुषमा, देव बघतोय."

"बघू द्या. बाहेर तुमची लेक मरतीय."

त्यांनी पडलेली पाकळी मुठीत घेतली. उजव्या खांद्याची बोटानं काढली. बाहेर आले आन् सगळ्यांपुढं म्हणले, "उजवा दिला." दुपारी सव्वाचारला बानू जन्मली, दोन किलो शंभर. हर्षदा दोन दिवस आयसीयूत व्हती, मग ती बी सुटली.

त्यानंतर मामांनी कौल लावला न्हाई. गुडघे धरत्यात म्हणून सांगितलं आन् पूजा पुतण्याच्या, बिरदेवच्या, हवाली केली. जत्रंत बी पुढं आले न्हाईत. मी एक दिवस छेडलं तर गोठ्यात गायीची धार काढता काढता बोलले. "बानू आपण देवाच्या तोंडातनं काढलीय. त्याला ठाऊक, मला ठाऊक, तुला ठाऊक. जोवर मी गप हाय तोवर तो बी गप हाय. ज्या दिवशी चारचौघांत बोललो त्या दिवशी तो मागंल. तू बी बोलू नको. भाक दे."

मला हसूच आलं. पर म्हातारा धार सोडून माझ्याकडं बघत बसला, म्हणून दिली. बानूला नुसती सर्दी झाली तरी ते हायवेवरच्या चौफुल्याला जाऊन न्हावऱ्याची एसटी धरायचे. आत्या म्हणायच्या, लेकीच्या लेकीचा केवढा लळा. लळा व्हताच. पर भ्या त्याच्यापेक्षा मोठं व्हतं.

आन् वस्तीत काय झालं? हर्षदाच्या कौलाची कीर्ती झाली. देवानं सांगितलं म्हणून नेली आन् जगली! गेल्या साली ज्योतिबाच्या भावाच्या छातीत कळ आली. त्याला कौल न घेता गाडीत घातला, तो चौफुल्याच्या पुढं गाडीतच गेला. झालं! कुणी इचारलं न्हाई की कळ आल्यावर तो दोन तास सोडा पीत का बसला व्हता. लोक एवढंच म्हणले, हर्षदाचा कौल घेतला, ती जगली. ह्याचा न्हाई घेतला, हा गेला. बोलाफुलाला गाठ पडली आन् तिचा नियम झाला. पूर्वी लग्नाला, विहिरीला कौल लावायचे, आता दवाखान्याला लावायला लागले. माझ्या एका खोटेपणाचं हे पीक. आन् मी तोंडाला कुलूप लावून ते बघत व्हते.

आता त्या दिवसाचं सांगते. ऑक्टोबर महिना, सकाळचे साडेनऊ. ज्ञानेश्वरीला कॉलेजला सुट्टी व्हती म्हणून आईसंगं, गिताबाईसंगं, उसाच्या कडंला गवत कापायला गेली. पाचटात घोणस व्हती. पायाच्या घोट्यावर चावली. मी पळत गेले तर दोन दात स्पष्ट दिसत व्हते आन् पाय माझ्यादेखत सुजायला लागला व्हता. मी तिला आडवं केलं, पाय हलू दिला न्हाई, पैंजण काढलं. एकशेआठला फोन लावला, तर गाडी दुसऱ्या पेशंटला गेलेली, चाळीस मिनटं. मी म्हणले, ज्योतिबादाजी, तुमची पिकअप काढा, दौंडला तेवढ्यात पोचू आपण. ज्योतिबानं काढली. पोरीला मागं गादीवर घातली.

आन् गिताबाईनं गाडी देवळापुढं थांबवली. "कौल घेऊ. पाच मिनटाचं काम हाय. हर्षदाचा लगीच दिला व्हता की."

मी लई बोलले. शिव्या बी दिल्या. म्हणले, घोणशीचं विष हाय, रगात पाण्यावानी व्हतंय, एक एक मिनिट मोलाचं हाय. गिताबाई माझ्या पाया पडली. "सुषमा, माझा दीर असाच नेला व्हता. पोरीला मी तशी नेणार न्हाई." ज्योतिबानं इंजिन बंद केलं. भाऊ त्याच्याच मांडीवर गेलेला. तोवर बिरदेव घंटा वाजवून आत गेला बी, आन् पाकळ्या लावल्या. कौल लागला म्हणल्यावर सगळी खाली बसली. संपलं.

बिरदेव जेमतेम सत्तावीसचा. पोरानं घाई केली. पाकळ्या पाण्यात बुडवल्या त्या निथळल्या बी न्हाईत, तशाच दाबून चिकटवल्या. मामा मंडपाच्या खांबाला टेकून बसले व्हते. त्यांनी ते पाहिलं आन् डोळे मिटले. मी जवळ सरकले तशी बारीक आवाजात म्हणले, "तास तरी पडायच्या न्हाईत."

पाच मिनटं झाली, दहा झाली. पाकळ्या जागच्या हलल्या न्हाईत. पिकअपमधी पोरगी पाणी मागत व्हती. मी रीत न जुमानता उठून तिच्यापाशी गेले. सूज पिंढरीपर्यंत चढलेली. "वैनी, तोंडात काय तरी खारट लागतंय," म्हणली. मी ओठ बाजूला केला, तर हिरड्यांतनं रगात.

मी वरडले, "आता पुरं झालं, ज्योतिबादाजी, चावी फिरवा." तर दोन बाया माझे हात धरून, "कौल मोडू नको गं बाई, तिचं वाईट व्हईल." ज्योतिबा गाडीच्या दाराशी उभा. चावी हातात. तो गाडीकडं बघायचा, देवाकडं बघायचा. माणूस रडत बी न्हवता, नुसता घाम गळत व्हता.

पंधरा मिनटं. वीस.

आता माझं ऐका. त्या घडीला ती गाडी हलवायला एक वाक्य पुरे व्हतं, आन् ते वाक्य मला पाठ व्हतं. हर्षदाचा कौल डावा पडला व्हता. एवढंच. ज्या कौलाच्या जिवावर सगळी बसली व्हती, तो कौलच खोटा व्हता. मी म्हणायचं आन् मोकळं व्हायचं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आन् डोळ्यापुढं बानू आली. चार दिवसांपूर्वी दसऱ्याला आलेली, माझी ओढणी डोक्यावर घेऊन घरभर मिरवत व्हती. बोललं तर देव मागंल.

माझी जीभ उचलली न्हाई. मी, जी साऱ्या वस्तीला शहाणपण शिकवते, जी देवाला पाण्याचा हिशोब सांगते, मी गप उभी राहिले. दुसऱ्याची पोर माझ्यापुढं रगात थुंकत व्हती आन् मी आमच्या पोरीला जपत व्हते. मला माझी लाज वाटली, पर बोलले न्हाई ते न्हाईच.

मामा उठले. गुडघ्यावर हात देऊन, खांब धरून. कौल लागला असताना उठायचं नसतं, आन् हे तर ती रीत चाळीस वर्षं पाळलेले, म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. बिरदेव आतनं म्हणला, "आप्पा, बसा की." ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेले. पाकळ्यांना हात लावला न्हाई. देवाकडं बघून हात जोडले, मग आमच्याकडं तोंड केलं.

"आमच्या हर्षदाचा कौल उजवा न्हवता," म्हणले. "डावा पडला व्हता. देवानं नको म्हणलं व्हतं. मी तुमाला खोटं सांगितलं आन् लेक दवाखान्यात नेली."

पयल्यांदा आवाज आला तो आत्यांचा. आत्यांना एका क्षणात सगळं उमगलं. त्या उठून मामांकडं धावल्या, त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "आवं गप बसा, गप बसा. बानू हाय आपली."

मामांनी तो हात हळूच बाजूला केला. "हाय म्हणूनच सांगतोय."

बिरदेव बाहेर आला, लालबुंद. "तीन वर्षं देवाच्या नावानं खोटं? ह्या हातानं तुम्ही मला घंटा दिली, आप्पा." एक म्हातारा मागनं म्हणला, देवाचा घास काढला ह्यानं, औंदा कांदा सडला त्यो उगाच न्हाई. चार तोंडं सुरू झाली. गिताबाई मातीत बसून कपाळ बडवायला लागली. ज्योतिबा मातुर पुढं आला. सगळ्यांच्या आवाजावर त्याचा आवाज चढला.

"आप्पा, एवढंच सांगा. कौल मोडून नेली. पोरगी अजून हाय ना?"

मामांनी चौकट धरली. मग म्हणले, "हाय. तीन वर्षांची झाली. धावती."

ज्योतिबानं चावी लावली. मी चालत्या गाडीत मागं चढले.

हायवेला लागल्यावर तो कसा चालवत व्हता ते मी सांगत न्हाई. पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून. पाटसच्या पुढं तिला उलटी झाली, त्यात रगात. मी फोनवर दवाखान्यात सांगून ठेवलं व्हतं, ते स्ट्रेचर घेऊन दारातच उभे. रगात बाटलीत धरून बघितलं, वीस मिनटांनी बी गोठंना. सुई लागली, एका मागनं एक बाटल्या लागल्या. डॉक्टर ज्योतिबाला म्हणले, "अजून अर्धा तास काढला असता तर मी काय सांगू शकलो नसतो." पुढं तिच्या किडनीवर आलं, आठ दिवस पुण्याला डायलिसिसवर व्हती. पर पोरगी परत आली. वर्षाची परीक्षा बी दिली. येताना मामांसाठी खारी बिस्किटाचा पुडा घेऊन आली आन् त्यांच्यापाशी बसून राहिली, नेहमीसारखं ऑगर आप्पा म्हणायची हिंमत तिला झाली न्हाई.

मामांना आता देवळाची पायरी चढू देत न्हाईत. पंचांनी तसं ठरवलं. ते रोज सकाळी अंघोळ करून रस्त्याच्या पलीकडं उभे राहत्यात, तिथनंच हात जोडत्यात आन् घरी येत्यात. लग्नाच्या पत्रिका आमच्या घरी येत न्हाईत. चाळीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोकांनी पेरण्या केल्या, त्या माणसाला पानपट्टीवर पोरं बी नमस्कार करंनात. मला राग येतो, लई येतो. ज्योतिबा एकटा दिवाळीला ताट घेऊन आला. आन् दवाखान्याला कौल लावायचं बंद झालं, हे बी खरं. कुणी तोंडानं कबूल करत न्हाई, पर त्यानंतर कुणाची गाडी देवळापुढं थांबलेली मी पाहिली न्हाई.

एक गोष्ट मातुर मी कुणाला सांगितलेली न्हाई, नवऱ्याला बी न्हाई.

त्या दिवशी ज्ञानेश्वरीला सुई लागली आन् मी जरा बाहेर व्हरांड्यात आले. दुपारचे दोन वाजत आले असतील. बिरदेवचा फोन आला. म्हणला, "वैनी, तुम्ही गेल्यावर पाऊण तासानं पाकळी पडली. डावी." आन् ठेवला.

मी साडीच्या पदरानं हात पुसले. हाताला अजून पोरीचं रगात व्हतं. पयला फोन घरी करायला पायजे व्हता, आत्या वाट बघत असतील. मी हर्षदाला लावला.

"बानू कुठं हाय?"

"झोपलीय, वैनी. का वं? आप्पा बी आत्ताच आल्यात एसटीनं. पायात चपला न्हाईत. पाणी बी घेईनात. तिच्या उशाशी बसून नुसते तिच्या छातीकडं बघत्यात. काय झालंय काय?"

"तिला उठव."

"आवं, आत्ताच डोळा लागलाय. रडंल."

"रडू दे," मी म्हणले. "हलव तिला, हर्षदा. फोन तिच्या तोंडापाशी धर."

तिकडनं काहीच आवाज येईना. मी फोन कानाला दाबून उभी, आन् आयुष्यात पयल्यांदा बिरोबाला म्हणले, मागायचं तर माझं माग. मग बानू रडली. झोपमोड झालेली पोर रडती तशी, रागानं, भोकाड पसरून. मी भिंतीला टेकून खाली बसले आन् ऐकत राहिले.